थांबा कोठे घ्यावा? : दूरच्या रस्ताप्रवासातील इंधन, अन्न व विश्रांती यांचे नियोजन

‘मजल दरमजल करीत’ हा शब्दप्रयोग मराठीत आजही रूढ आहे; परंतु मजल म्हणजे नेमके काय, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. बैलगाडीच्या आणि घोड्याच्या काळात एका दिवसात जेवढे अंतर सुखाने तोडता येई, तेवढी एक मजल. ती कोठे संपवावयाची, हे केवळ प्रवाशाच्या मर्जीवर अवलंबून नसे. जेथे माणसांना पाणी, जनावरांना वैरण आणि रात्रीपुरता निवारा मिळेल, तेथेच मुक्काम पडे. अठराव्या शतकात अहिल्यादेवी होळकर यांनी देशात ठिकठिकाणी विहिरी, घाट आणि धर्मशाळा बांधल्या, त्यामागे यात्रेकरूंच्या याच गरजेची जाणीव होती. बैल थकत असे, म्हणून माणसालाही थांबावे लागे.

मोटारीने ही सक्ती नाहीशी केली. इंजिन बैलासारखे थकत नाही. थकतो तो चालविणारा माणूस. तो थकल्याचे कोणतेही चिन्ह मात्र गाडीच्या समोरील फलकावर उमटत नाही. महाराष्ट्रात १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. एस. टी.च्या प्रवासात चहाचा, जेवणाचा आणि डिझेलचा थांबा वेळापत्रकाने ठरविलेला असतो. प्रवाशाला त्याची चिंता करावी लागत नाही. खाजगी मोटारीतून निघालेल्या कुटुंबाला मात्र हे वेळापत्रक स्वतःच आखावे लागते, आणि बहुतेक वेळा ते आखले जात नाही. “वाटेत मिळेल तेथे थांबू” या एका वाक्यावर प्रवास सुरू होतो. परिणामी थांबण्याचा निर्णय घेण्याची वेळ येते तेव्हा इंधनाचा दिवा लागलेला असतो, मुले भुकेने रडत असतात आणि चालकाचे डोळे जड झालेले असतात. अशा अवस्थेत निवड उरत नाही. समोर येईल ते स्वीकारावे लागते.

भारतात २०२२ या एका वर्षात रस्ता अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. या सर्व अपघातांची कारणे एक नव्हेत. तथापि चालकाची थकावट, डुलकी आणि उशीर भरून काढण्यासाठी वाढविलेला वेग ही कारणे थांब्याच्या योग्य नियोजनाने टाळता येण्याजोगी आहेत. म्हणूनच थांबा ही प्रवासातील खोटी नसून प्रवासाचाच एक भाग आहे, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे.

पहिला हिशेब चालकाचा

थांब्याचे नियोजन इंधनाच्या टाकीपासून सुरू करण्याची चूक पुष्कळांकडून होते. एकदा भरलेली टाकी पाचशे किलोमीटर पुरेल, म्हणून पाचशे किलोमीटर थांबावयाचे नाही, असा तो विचार असतो. वस्तुतः चालकाची शक्ती टाकीच्या कितीतरी आधी संपते. सर्वसाधारण नियम असा की, दर दोन तासांनी अथवा सुमारे दोनशे किलोमीटरनंतर, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, निदान पंधरा मिनिटांची विश्रांती घ्यावी. गाडीतून उतरावे, चार पावले चालावे, पाणी प्यावे.

आपल्या कायद्यानेही हे तत्त्व पूर्वीच मान्य केले. मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ अन्वये चालकाच्या कामास दिवसाला आठ तासांची मर्यादा घालण्यात आली आणि सलग पाच तासांपेक्षा अधिक काम होण्यापूर्वी किमान अर्ध्या तासाची विश्रांती देणे बंधनकारक करण्यात आले. पगारी चालकासाठी घातलेली ही मर्यादा स्वतःची मोटार चालविणाऱ्या गृहस्थाला लागू नाही. परंतु त्याचे शरीर काही निराळे नसते.

डुलकीचा धोका आकड्यांत मांडला की स्पष्ट होतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे २८ मीटर अंतर कापते. तीन सेकंदांची डुलकी लागली तर गाडी जवळजवळ ८४ मीटर अंतर कोणाच्याही नियंत्रणाविना धावते. मानवी शरीरात झोपेची ओढ मध्यरात्रीनंतर ते पहाटेपर्यंत सर्वांत तीव्र असते, आणि दुपारी दोन ते चार या वेळात ती पुन्हा काहीशी वाढते. या दोन्ही वेळा लक्षात ठेवून थांबे ठरविले पाहिजेत. चहा-कॉफीने तरतरी येते, परंतु तिचा परिणाम दिसण्यास सुमारे अर्धा तास लागतो. शिवाय ती झोपेची जागा घेऊ शकत नाही. जांभया येऊ लागल्या, मागचे दोन-तीन किलोमीटर कसे गेले ते आठवेनासे झाले किंवा गाडी वारंवार पट्टा सोडू लागली, तर सुरक्षित जागी गाडी उभी करून पंधरा-वीस मिनिटे झोप घेणे हाच खरा उपाय होय. काच उघडणे किंवा रेडिओ मोठ्याने लावणे यांनी झोप केवळ काही क्षण लांबते.

इंधनाचा हिशेब

दुसरा हिशेब इंधनाचा. येथे एक साधा नियम पाळावा : टाकी पाव भाग उरण्यापूर्वी पंप गाठावा. इंधनाचा दिवा लागणे ही सूचना नसून शेवटचा इशारा आहे, असे समजावे. विशेषतः डिझेलची गाडी पूर्ण रिकामी झाली, तर इंधनाच्या नळीत हवा शिरते आणि नंतर डिझेल ओतले तरी ती हवा काढल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. रात्री, घाटात किंवा पावसात हे काम किती त्रासदायक ठरते, हे सांगावयास नको.

हिशेब करताना शहरातील किंवा जाहिरातीतील सरासरी गृहीत धरू नये. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० किलोमीटरऐवजी १२० किलोमीटर वेग ठेवला, तर हा विरोध सव्वादोन पट होतो. छपरावर सामान बांधलेले असेल, वातानुकूलन सुरू असेल आणि टायरांत हवा कमी असेल, तर खर्च आणखी वाढतो. समजा, टाकी ४० लिटरची आहे आणि महामार्गावर प्रत्यक्षात लिटरला १३ किलोमीटर पडतात. पाव भाग राखीव ठेवल्यास वापरण्यास ३० लिटर उरतात, म्हणजे ३९० किलोमीटर. हाच आपला पल्ला. ५२० किलोमीटर नव्हे.

सी.एन.जी.वरील गाडीचा पल्ला याहून पुष्कळ कमी असतो. टाकीत आठ किलो वायू मावत असेल आणि किलोला २२ किलोमीटर पडत असतील, तर १७६ किलोमीटरनंतर दुसरे केंद्र हवे. ही केंद्रे सर्व मार्गांवर सारख्या अंतरावर नसतात आणि तेथे रांगाही असतात. म्हणून अशा गाडीत पेट्रोलही पुरेसे ठेवावे. विजेवरील गाडी असेल तर विजेरीचा शेवटचा पंचमांश भाग भरण्यास बराच अधिक वेळ लागतो. त्यामुळे प्रत्येक थांब्यावर ती काठोकाठ भरण्यापेक्षा ऐंशी टक्क्यांपर्यंत भरून पुढे जाणे सोयीचे ठरते. हा वेळ जेवणाच्या वेळेशी जुळवावा आणि ठरविलेले केंद्र बंद आढळल्यास जवळचे दुसरे कोणते, हेही आधीच पाहून ठेवावे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या प्रदूषण मानकांनुसार बनलेल्या अनेक डिझेल वाहनांत युरियाचे द्रावण वेगळ्या टाकीत भरावे लागते. ते संपल्यास गाडी पुन्हा सुरू होण्यास नकार देऊ शकते, हे मालवाहू वाहनांच्या चालकांनी विशेष ध्यानात ठेवावे.

पंप कसा निवडावा

शक्यतो आपल्याच बाजूला असलेला, प्रशस्त प्रवेशमार्गाचा आणि रात्री चांगला उजेड असलेला पंप निवडावा. दुभाजक ओलांडून पलीकडच्या पंपावर जाण्याचा मोह टाळावा. पंपावर शिरल्यानंतर कोणते इंधन हवे ते स्पष्ट शब्दांत सांगावे आणि भरणी सुरू होण्यापूर्वी यंत्रावर शून्य आहे याची खात्री करून घ्यावी.

शंभरऐवजी एकशेदहा रुपयांचे पेट्रोल घेतले म्हणजे फसवणूक होत नाही, असा एक समज प्रचलित आहे. त्यास आधार नाही. माप बरोबर आहे की नाही, हे पडताळण्याचा मार्ग वेगळा आहे. प्रत्येक पंपावर वैधमापन विभागाने तपासून मुद्रांकित केलेले पाच लिटरचे माप ठेवणे आवश्यक असते आणि ग्राहकाने मागणी केल्यास त्या मापाने इंधन मोजून दाखवावे लागते. शुद्धतेबद्दल शंका असेल तर गाळणकागदाची चाचणी मागता येते. नोझलच्या टोकाशी घेतलेला पेट्रोलचा थेंब कागदावर टाकल्यावर तो थोड्याच वेळात उडून गेला पाहिजे. मागे डाग राहिल्यास भेसळीचा संशय घेण्यास जागा असते. हवा, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि प्रथमोपचार पेटी या सोयी पंपावर असणे अपेक्षित असून हवा, पाणी व स्वच्छतागृह यांसाठी पैसे द्यावे लागत नाहीत. त्यात उणीव आढळल्यास तक्रार पुस्तिका मागून तक्रार नोंदवावी. राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ हा आहे.

स्वच्छतागृहाचा प्रश्न येथे मुद्दाम मांडला पाहिजे. वाटेत स्वच्छ जागा मिळणार नाही या भीतीने अनेक स्त्रिया प्रवासाच्या दिवशी पाणीच पीत नाहीत. उन्हाळ्याच्या दिवसांत यामुळे चक्कर येणे, मूत्रमार्गाचा दाह होणे असे विकार उद्भवतात. थांबा ठरविताना इंधन आणि अन्न यांच्या बरोबरीने ही सोय पाहिली जावी आणि घरातील स्त्रियांचे मत त्यात प्रथम विचारले जावे. एस. टी.च्या अनेक बसस्थानकांवर स्तनदा मातांसाठी ‘हिरकणी कक्ष’ आहेत. तान्हे मूल बरोबर असल्यास त्यांचा उपयोग करून घ्यावा.

अन्नाची पारख

वाटेवरील उपाहारगृह निवडताना फलकाचा झगमगाट पाहू नये. रांधलेले अन्न किती लवकर संपते, ते पहावे. जेथे मालमोटारींचे चालक आणि गावातील माणसे नित्य जेवतात, तेथे पदार्थ फार वेळ पडून राहत नाहीत. गर्दी म्हणजे स्वच्छतेचे प्रमाणपत्र नव्हे, परंतु ताजेपणाची ती एक खूण अवश्य आहे. त्यानंतर हात धुण्याची जागा, भांडी धुण्याचे पाणी, झाकलेली पातेली आणि कढईतील तेलाचा रंग यांवरून एक नजर फिरवावी. तेल काळसर झाले असेल, त्याला फेस येत असेल, तर भजी-वडे टाळावेत. अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये दिलेला चौदा अंकी परवाना क्रमांक दर्शनी भागात लावणे प्रत्येक उपाहारगृहावर बंधनकारक आहे. तो आहे किंवा नाही, हेही पहावे.

शिजविलेले अन्न पाच ते साठ अंश सेल्सिअस या तापमानात राहिले की त्यात जंतूंची वाढ झपाट्याने होते. म्हणून ज्यातून वाफ निघत आहे, ते अन्न सर्वांत निर्धोक. गरम भाकरी आणि पिठले, वरणभात, इडली, तव्यावरून उतरलेली पोळी आणि उसळ हे आपले साधे पदार्थ प्रवासास उत्तम. कापून ठेवलेली फळे, उघडी कोशिंबीर, पाणी घालून वाटलेली चटणी आणि बर्फ घातलेली पेये यांपासून दूर रहावे. बाटलीबंद पाणी घेताना झाकणाचे सील आणि तारीख तपासावी.

किती खावे, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. पोटभर जेवणानंतर सुस्ती येते, आणि ती दुपारच्या झोपेच्या वेळीच आली तर धोका दुणावतो. चालकाने दोन घास कमी खावेत आणि जेवणानंतर वीस मिनिटे तरी चाकामागे बसू नये. पुढे घाट असेल तर मुलांनाही हलके खाऊ घालावे. अन्यथा पहिल्या चार वळणांतच गाडी थांबवावी लागते. मधुमेही व्यक्ती बरोबर असल्यास जेवणाची वेळ तिच्या औषधाच्या वेळेवरून ठरवावी आणि शेंगदाण्याचा लाडू, फुटाणे, केळी असा शिधा गाडीत हाताशी ठेवावा.

एक उदाहरण : ठाणे ते नागपूर

वरील नियम प्रत्यक्षात कसे उतरतात, हे समृद्धी महामार्गाच्या उदाहरणाने पाहू. ७०१ किलोमीटर लांबीच्या या मार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला. सपाट भागात येथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगमर्यादा आहे. रस्ता सरळ, वाहतूक अखंड आणि दृश्य बराच काळ एकसारखे. त्यामुळे चालकास गुंगी येण्याचा संभव येथे अधिक. या मार्गावरून ठरावीक ठिकाणीच बाहेर पडता येते. जुन्या रस्त्याप्रमाणे दिसेल त्या ढाब्याकडे गाडी वळविता येत नाही. मार्ग सुरू झाला त्या काळात इंधन आणि खाद्यपदार्थांच्या सोयी विरळ असल्याने अनेक प्रवाशांची गैरसोय झाली होती. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ याच मार्गावर एक खाजगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी प्राणास मुकले. त्या दुर्घटनेच्या कारणांची चर्चा हा येथील विषय नाही. परंतु रात्रीच्या प्रवासात किती जीव एका स्टिअरिंगवर अवलंबून असतात, याची जाणीव तिने सर्वांना करून दिली.

आता एखादे कुटुंब पहाटे साडेपाचला, रात्रीची पुरेशी झोप घेऊन, ठाण्याहून टाकी भरून निघाले असे समजू. सव्वासहाच्या सुमारास आमणे येथे ते महामार्गावर येते. सरासरी ताशी ९० किलोमीटर धरल्यास सव्वाआठपर्यंत सुमारे १८० किलोमीटर होतात आणि शिर्डीचा परिसर येतो. येथे न्याहारीसाठी अर्धा तास. तेथून जालना परिसर सुमारे पावणेअकरास, एकूण अंतर ३५० किलोमीटर. हा मार्गाचा जवळजवळ मध्य. टाकीत अद्याप पाव भागाहून अधिक इंधन असेल. तरीही ती येथेच पुन्हा भरावी, कारण उरलेले ३५० किलोमीटर आपल्या ३९० किलोमीटरच्या पल्ल्यात निर्धास्त बसतात. पंचवीस मिनिटांनी निघाल्यास एकच्या सुमारास कारंजा लाडचा परिसर येतो. येथे जेवण व विश्रांती मिळून एक तास घ्यावा आणि शक्य असल्यास पुढे चालक बदलावा, कारण दुपारची झोपेची वेळ आता सुरू होते. उरलेले १७० किलोमीटर पार करून साडेचारच्या आत नागपूर गाठता येते. तीन थांब्यांत मिळून दोन तासही खर्च झाले नाहीत, आणि कोणताही थांबा नाइलाजाने घ्यावा लागला नाही.

कोकणच्या वाटेवर हिशेब निराळा. मुंबई-गोवा महामार्गावर गावे आणि उपाहारगृहे जवळजवळ आहेत. तेथे उणीव सोयींची नसून वेळेची असते. पाऊस, घाट आणि गणेशोत्सवातील गर्दी यांमुळे शंभर किलोमीटरला किती तास लागतील, याचा भरवसा नसतो. म्हणून तेथे अंतर न मोजता तास मोजावेत. टाकी निम्मी होताच भरावी. पोलादपूरपुढील कशेडी आणि त्यानंतरचे भोस्ते व परशुराम हे घाट चढण्यापूर्वी माणगाव-महाड परिसरात थांबा घ्यावा. आणि वाहतूक खोळंबल्यास पुरेल इतके पाणी व कोरडा खाऊ गाडीत ठेवावा.

भाड्याच्या गाडीचा चालक

एक गोष्ट आपल्या समाजात अजूनही दुर्लक्षित आहे. भाड्याची गाडी करून आपण देवदर्शनास किंवा लग्नास जातो. कुटुंब उपाहारगृहात जेवते, चालक मात्र गाडीजवळ उभा राहतो किंवा घाईने चार घास खाऊन परततो. रात्री आपण खोलीत झोपतो आणि तो गाडीच्या आसनावर अंग दुमडून पडतो. दुसऱ्या दिवशी पहाटे आपण त्याच माणसाच्या हाती आपली मुले सोपवितो. चालकास वेळेवर, बसून जेवण देणे आणि पाठ टेकण्यास जागा मिळवून देणे हे औदार्य नव्हे. ती आपल्याच सुरक्षिततेची तरतूद आहे. “जरा लवकर घ्या, उशीर झाला” असा तगादा त्याच्या मागे लावणे हे तर सर्वांत घातक. बसमालकांनी व मालवाहतूकदारांनीही विश्रांतीस जागाच उरणार नाही असे वेळापत्रक चालकावर लादू नये.

निघण्यापूर्वीचे टिपण

प्रवासाच्या आदल्या संध्याकाळी एका कागदावर चार ओळी लिहाव्यात : पहिला, दुसरा आणि तिसरा थांबा कोठे, प्रत्येक ठिकाणी बंद आढळल्यास पर्याय कोणता, टाकी कोठे भरावयाची, आणि कोणत्या वेळी कोण चालविणार. टायरांतील हवा गाडी थंड असतानाच तपासावी. वाटेत गाडी बंद पडली, तर ती डाव्या कडेला घेऊन धोक्याचे दिवे लावावेत, प्रवाशांना कठड्यापलीकडे सुरक्षित उभे करावे आणि मगच मदत मागावी. तातडीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि राष्ट्रीय महामार्गांवर १०३३ हे क्रमांक कागदाच्या तळाशी लिहून ठेवावेत.

रस्ते रुंद झाले, वाहने वेगवान झाली आणि पूर्वी दोन दिवसांच्या मुक्कामाने होणारा प्रवास एका दिवसात आला. माणसाची भूक, तहान आणि झोप मात्र बैलगाडीच्या काळात होती तशीच आहे. त्या काळचा प्रवासी पुढची मजल कोठे संपणार हे ठरवूनच बैल जुंपीत असे. मोटारीची किल्ली फिरविण्यापूर्वी आपणही तेवढे ठरवून ठेवले, तर तासभर उशिरा का होईना, घरची वाट पाहणारी माणसे आपल्याला सुखरूप भेटतील.